कॅब कॅलोवे, सेसमी स्ट्रीट आणि आपले शाहीर

मोठा कलावंत उतारवयात लहान मुलांच्या कार्यक्रमात दिसला की आपल्याकडे लगेच हळहळ सुरू होते, "बघा, काय वेळ आली बिचाऱ्यावर!" मला हे मुळीच पटत नाही. अमेरिकेतला काळा जॅझ गायक कॅब कॅलोवे याचं 'सेसमी स्ट्रीट' या तिकडच्या मुलांच्या टीव्ही कार्यक्रमातलं गाणं पाहिल्यापासून तर नाहीच नाही.

कॅब १९०७ चा. १९३० च्या दशकात न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या कॉटन क्लबात त्याचा बँड गाजत होता. हार्लेम ही काळ्या लोकांची वस्ती. क्लबातले वादक काळे, नाचणाऱ्या मुली काळ्या, आणि टेबलांवर बसलेली गिऱ्हाइकं गोरी. त्याच वस्तीत राहणाऱ्या काळ्या माणसाला आत येऊन हे गाणं ऐकायची सोय नव्हती.

१९३१ मध्ये त्याचं 'मिनी द मूचर' आलं. त्यात अफूच्या नशेचे उल्लेख, म्हणजे पोराबाळांसमोर म्हणावं असं गाणं नव्हेच. पण त्यात 'हाय-डी-हाय-डी-हो' ही जागा आहे. तिची गोष्ट कॅब स्वतःच सांगायचा: रेडिओवर गाता गाता शब्द आठवेनात, म्हणून तोंडाला येईल ते सुरू केलं, आणि लोकांनी ते परत म्हटलं. पुढे जन्मभर तीच त्याची ओळख झाली.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, सत्तरी ओलांडलेला कॅब सेसमी स्ट्रीटवर आला तो हीच हाक घेऊन. अफू नाही, मिनी नाही, फक्त हाक. तो ओळ टाकतो आणि मपेट बाहुले ती उचलतात, शाहिराच्या मागे झीलकरी 'जी जी रं जी' करून उचलतात तशी. मुलांसाठी म्हणून त्याने आवाज लाडिक केलेला नाही. कॅब कोण, हे मुलांना माहीत असायचं कारणच नाही. माझ्या सहा वर्षांच्या भाचीलाही नव्हतं, पण तिसऱ्या हाकेला ती उत्तर द्यायला लागली. इंग्रजी तिला जेमतेम येतं.

आणि तो कार्यक्रम कुठला, हेही बघा. सेसमी स्ट्रीट १९६९ मध्ये सुरू झाला. काळी आणि गोरी माणसं एकाच गल्लीत शेजारी म्हणून राहताना दाखवली, एवढ्यावरून १९७० मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्याच्या सरकारी शैक्षणिक वाहिनीने तो दाखवायचा नाही असं ठरवलं होतं. बोभाटा झाल्यावर निर्णय फिरवावा लागला. काळी गायिका-अभिनेत्री लीना हॉर्नही याच गल्लीत येऊन गेली, आणि ग्रोव्हर नावाच्या लाजऱ्या मपेटला गाण्यातून 'कसं काय' म्हणायला शिकवून गेली. तीही सोळाव्या वर्षी कॉटन क्लबात नाचायला लागलेली. पुढे हॉलिवूडच्या चित्रपटांत तिची गाणी अशा बेताने घालत, की दक्षिणेतल्या वर्णभेदी थिएटरांना ती सहज कापता यावीत. अशा माणसांना शेवटी असा श्रोता मिळाला, की ज्याला दारावर कुणी अडवत नव्हतं. याला उतरती कळा कसं म्हणायचं?

आपल्या वाहिन्यांवर मात्र नेमकं उलटं चाललेलं असतं. मुलं मंचावर मोठ्यांची गाणी मोठ्यांसारखी म्हणतात, आणि ज्यांनी गायचं ते ज्येष्ठ खुर्चीत बसून गुण देतात, डोळे पुसतात. मुलांचं कौतुक जरूर करा. पण त्यांना एकदा त्या म्हाताऱ्या गळ्यातून निघणारा आवाज जवळून ऐकू द्या की! स्पर्धा नको, गुण नकोत, 'आता आपण लोककला शिकूया' असलं निवेदन तर नकोच नको. सत्तरीतला शाहीर डफ घेऊन उभा करा, समोर पाच-सात वर्षांची पोरं बसवा आणि त्यांनाच झील धरू द्या. पोवाड्यातला सगळा इतिहास त्यांना कळला नाही तरी चालेल. वाहिनीत काम करणारं कुणी हे वाचत असेल तर त्यांनी हे खरंच मनावर घ्यावं. दहा मिनिटांचा कार्यक्रम, एक डफ, एक तुणतुणं. खर्च तो किती येणार?