जुन्या गाडीत ‘दोन बोटं जास्त’ ऑइल भरायला सांगणारा तो मेसेज

“गाडी ऑइल खाते? मेकॅनिककडे जाण्याआधी हे वाचा” अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज बरेच दिवस फिरतो आहे. परवा मामांनी तो वाचला आणि त्यात सांगितलंय तसं केलंसुद्धा, म्हणून हे लिहिते आहे. मामांची पेट्रोल गाडी जुनी आहे, थोडं ऑइल खाते, आणि ते तिला फार जपतात. असले मेसेज जपणाऱ्या माणसालाच नडतात. ज्याला काळजी नाही तो बॉनेट उघडतच नाही.

मेसेज वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जुनी गाडी ऑइल खाणारच, कारण शोधत बसू नका. डिपस्टिकच्या, म्हणजे ऑइलची पातळी बघायच्या पट्टीच्या, वरच्या खुणेच्या वर दोन बोटं ऑइल भरून ठेवा आणि डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा लागेपर्यंत तिला हात लावू नका. मिळेल ते सगळ्यात जाड ऑइल टाका. वरून भरत राहिलं की ऑइल आपोआप नवं होतं, बदलायची गरज नाही. ऑइलमध्ये अमुक प्रकारची बाटली ओतली की पिस्टनभोवतीच्या झिजलेल्या रिंगा भरून येतात. आणि शेवटी, मेकॅनिककडे गेलात तर तो इंजिन बांधायलाच, म्हणजे पूर्ण खोलून दुरुस्त करायलाच लावेल.

दोन बोटांच्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण इंजिन मारायची ताकद त्यातच आहे.

डिपस्टिकवरच्या दोन खुणांमध्ये बहुतेक गाड्यांत साधारण १ लिटर ऑइल मावतं. त्या हिशोबाने दोन बोटं जास्त म्हणजे लिटरभराहून जास्त ऑइल फाजील. वरची खूण जिथे आहे तिथे असण्याला कारण आहे. तिच्या वर थोड्याच अंतरावर क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, फिरतो, मोठ्या रस्त्यावर मिनिटाला दोन-तीन हजार फेऱ्यांनी. ऑइल त्याच्यापर्यंत पोचलं की ते घुसळलं जातं आणि त्यात हवा मिसळते. मग पंप जे पुढे ढकलतो ते नुसतं ऑइल नसतं, त्यात हवाही असते. ऑइल दाबाखाली तसंच राहतं, हवा मात्र दबते, त्यामुळे बेअरिंगमध्ये धातूला धातूपासून दूर ठेवणारा थर टिकत नाही. म्हणजे ऑइल जास्त भरूनही इंजिनाचे हाल ऑइल कमी असल्यासारखेच.

मामांच्या गाडीची पट्टी मी स्वतः ओढून पाहिली. ऑइल वरच्या खुणेच्या बरंच वर, आणि त्यात साबणाच्या फेसासारखे बारीक बुडबुडे. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, पॅकिंगपाशी आधी नुसता ओलसरपणा असायचा, तिथे आता थेंब लोंबत होता. एअर फिल्टरचा डबा उघडला तर ब्रीदरची (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी) नळी जिथे येते तिथे ऑइल साचलेलं. हे साचलेलं ऑइल कुठे जाणार? हवेबरोबर इंजिनात, आणि जळून सायलेन्सरमधून बाहेर. ऑइल खाणं थांबवायला सांगितलेल्या उपायाने गाडी आधीपेक्षा जास्त ऑइल खायला लागली होती. जळालेल्या ऑइलमधला फॉस्फरस धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी करत जातो, ते वेगळंच.

डिझेल गाडीत हाच प्रकार आणखी भयंकर होऊ शकतो. हवेच्या मार्गाने पुरेसं ऑइल आत गेलं तर इंजिन त्या ऑइलवरच चालायला लागतं. किल्ली बंद करूनही ते थांबत नाही, वेग वाढतच जातो, आणि शेवटी काहीतरी फुटतं.

कुणी हे करून बसलं असेल तर गाडी चालवू नका. फाजील ऑइल डिपस्टिकच्या नळीतून बारीक पाइप घालून हातपंपाने ओढून काढता येतं. आम्ही तसंच काढलं. खालचा ड्रेन बोल्ट सैल करून ‘थोडंसं’ काढायला गेलं की बहुधा सगळंच जातं आणि हात भाजतो.

आता लाल दिवा. हा दिवा ऑइलची पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. हे इतक्या लोकांना माहीत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. इंजिन गरम असताना चालत्या गाडीत ऑइलचा दाब साधारण २ ते ४ बार असतो. तो अर्ध्या बारच्या आसपास किंवा त्याहून खाली आला, की मग बहुतेक गाड्यांत दिवा लागतो. तोवर इंजिनाच्या तळाच्या चेंबरमधलं ऑइल इतकं उतरलेलं असू शकतं की पंपाची जाळी हवा ओढते आहे. वळणावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर दिवा क्षणभर लुकलुकला, तर ऑइल एका बाजूला सरकून जाळी उघडी पडली असं समजायचं. दिवा लागेपर्यंत थांबा असं सांगणारा माणूस बेअरिंग घासायला लागेपर्यंत थांबा असंच सांगतोय. चालत्या गाडीत हा दिवा लागला तर बाजूला घेऊन तिथल्या तिथे इंजिन बंद करायचं. “घर जवळच आहे, हळूहळू नेतो” हे नाही.

जाड ऑइलचा मुद्दा. यात अर्धं खरं आहे आणि ते मान्य करायला हवं. ऑइल थोडं जाड असेल तर झिजलेल्या फटीतून कमी निसटतं. पण ‘थोडं जाड’ आणि ‘सगळ्यात जाड’ यांत किती अंतर आहे ते बघा. डब्यावरचे आकडे एसएई जे३०० या मानकातून येतात, आणि त्यात प्रत्येक ग्रेडची हद्द ठरलेली आहे. १०० अंश सेल्सिअसला ३० ग्रेडच्या ऑइलचा दाटपणा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स, ४० चा १२.५ ते १६.३, आणि ५० चा १६.३ ते २१.९. म्हणजे ३० वरून एकदम ५० वर उडी मारली तर गरम इंजिनातलं ऑइल जवळपास दुप्पट दाट होऊ शकतं. आणि हे झालं गरम असतानाचं. डब्यावर ‘५डब्ल्यू-३०’ असं लिहिलेलं असतं, त्यातला डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंड इंजिनाचा असतो आणि नंतरचा गरम इंजिनाचा. ५डब्ल्यू ऑइलची थंडीतली चाचणी उणे ३० अंशांवर होते, २०डब्ल्यूची उणे १५ वर. सकाळी पहिल्यांदा स्टार्ट केल्यावर ऑइल वरच्या कॅमशाफ्टपर्यंत किती लवकर चढतं, ते यावर अवलंबून असतं. ज्या इंजिनात व्हॉल्व्हचं टायमिंग ऑइलच्या दाबावर बदलतं किंवा हायड्रॉलिक टॅपेट असतात, तिथले मार्ग बारीक असतात. पातळ ऑइलसाठी बनवलेल्या अशा इंजिनात २०डब्ल्यू-५० ओतणं हा इलाज नाही.

मग करायचं काय? गाडीबरोबर आलेली पुस्तिका उघडायची. तिच्यात बहुतेक वेळा एकापेक्षा जास्त ग्रेड दिलेले असतात. ५डब्ल्यू-३० बरोबर ५डब्ल्यू-४० किंवा १०डब्ल्यू-४० चालतं असं लिहिलं असेल तर जरूर एक पायरी वर जा, फरक पडू शकतो. पुस्तिकेच्या बाहेर जाऊ नका.

“वरून भरत राहिलं की ऑइल नवं होतं.” नाही होत. ४ लिटर ऑइल मावणाऱ्या इंजिनात १ लिटर नवं टाकलं तरी ३ लिटर जुनंच राहतं. त्यातली मळ धरून ठेवणारी आणि आम्ल मारणारी रसायनं संपत आलेली असतात. हलका भाग उडून गेलेला असतो, मागे राहतो तो गाळ. फिल्टर तर तोच जुना. तो तुंबला की बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेलं ऑइल फिरत राहतं. शिवाय हाच गाळ पिस्टनच्या ऑइल रिंगा जाम करतो, म्हणजे खाणं आणखी वाढतं. ऑइल खाणाऱ्या गाडीचं ऑइल वेळेवर बदलणं तर जास्तच गरजेचं आहे.

बाटलीबद्दल दोनच वाक्यं. कडक झालेलं रबरी सील काही द्रवांनी थोडं मऊ होतं, तेवढं ठीक, पण झिजलेला धातू कुठल्याही द्रवाने भरून येत नाही. अशा बाटल्यांच्या जाहिरातींवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केलेली आहे, आणि त्यातलं स्लिक ५० नावाच्या बाटलीचं प्रकरण १९९७ मध्ये तडजोडीने मिटलं.

राहिले पहिला आणि शेवटचा मुद्दा, ते एकत्रच घेते. जुनी गाडी थोडं ऑइल खाते हे खरं आहे. काही कंपन्या १००० किलोमीटरला अर्धा लिटर, काही तर १ लिटरपर्यंत चालतं असं म्हणतात. आणि हो, ऑइल खाते म्हटल्याबरोबर इंजिन बांधायला सांगणारे मेकॅनिक असतात, हेही खरं. पण त्यावर उपाय डोळे मिटून घेणं हा नाही. आधी मोजा. गाडी सपाट जागी, इंजिन गरम करून बंद केल्यावर पाच-दहा मिनिटं थांबून, पट्टी पुसून पुन्हा बघायची. बरोबर वरच्या खुणेपर्यंत भरायचं, किलोमीटर लिहून ठेवायचे, आणि दर वेळी त्याच पद्धतीने तपासायचं. पातळी कमी होण्याऐवजी वाढत असेल तर खूश होऊ नका, ऑइलमध्ये इंधन किंवा कूलंट उतरत असण्याची शक्यता आहे.

मग धूर बघा. रात्रभर उभी राहिलेली गाडी स्टार्ट करताना, किंवा गिअरमध्ये लांब उतार उतरून पुन्हा अॅक्सिलरेटर दिल्यावर निळसर धुराचा भपका आला, तर बहुधा व्हॉल्व्ह सील कडक झालेत. बऱ्याच इंजिनांत ते हेड न उतरवताही बदलता येतात. ताण देताना सतत निळा धूर येत असेल तर रिंगांकडे संशय जातो. धूर अजिबात नाही आणि ऑइल तरी कमी होतंय, तर आधी गाडीखाली वाका: टॅपेट कव्हर, चेंबरचं पॅकिंग, क्रँकचं मागचं सील. आणि ब्रीदरच्या मार्गातला छोटा व्हॉल्व्ह, पीसीव्ही, काढून साफ करा किंवा बदला. एवढासा पार्ट, पण तो अडकला तर चांगलं इंजिनही ऑइल ओढायला लागतं.

एवढं करूनही मेकॅनिक रिंगाच गेल्या म्हणाला, तर पेट्रोल गाडीत कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, दोनदा मोजून मागा. एकदा कोरडं, आणि एकदा स्पार्क प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून. दुसऱ्या वेळी आकडा चांगलाच वाढला तर रिंगांमधून गळतंय. कमी आलेला आकडा तसाच राहिला तर दोष व्हॉल्व्हकडे किंवा हेड गॅस्केटकडे आहे. आणि दोन्ही वेळा सगळ्या सिलिंडरचे आकडे कंपनीने दिलेल्या हद्दीत आले, तर आधी सील आणि पीसीव्ही बदलून, पुन्हा ऑइल मोजूनच इंजिन बांधायचं बोला.