समुद्राची वाळू नदीतून येते, तापीकाठच्यांनी हे बोललंच पाहिजे

समुद्रकिनारा खचला की लाटा अडवायला दगडी बंधाऱ्याचं टेंडर निघतं. वाळू कुठे अडली, हे कुणी विचारत नाही. खान्देशात समुद्र नाही म्हणून आपण गप्प बसायचं, हे मला अजिबात पटत नाही. तापी मुलताईला उगम पावते आणि ७२४ किलोमीटर वाहून सुरतजवळ खंबातच्या आखाताला मिळते. पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, अनेर सगळ्या तिच्यातच येतात.

१९७२ ला गुजरातेत तापीवर उकाई धरण झालं. जलाशयात शिरताच पुराचा वेग मरतो. जाड वाळू तोंडाशीच बसते, गाळाचा मोठा भाग पुढे आत बसतो, आणि खाली सुटतं ते बरंचसं निवळलेलं पाणी. ते उपाशी असतं, खालचा तळ आणि काठ कोरून आपली भूक भागवतं. म्हणून गिरणेतल्या वाळूउपशामुळे आज सुरतजवळच्या डुमसचा किनारा खचतो, असं कुणी म्हणालं तर ते चूक. ती वाळू उकाईच्या वरच अडते.

आता बंधाऱ्याकडे बघा. उतरता वाळूचा किनारा लाटेचा जोर जिरवतो. उभी भिंत ती लाट परत फेकते. परतणारं पाणी पायथ्याची वाळू ओढून नेतं, पायथ्याचा दगड बसतो, वरचे घसरतात. दगडाखाली गाळण-कापड नसेल तर फटींतून वाळू निसटते आणि भिंत आतूनच खचते. भिंत संपते तिथून पुढचा किनारा तर आणखी जोरात कापला जातो. पुदुच्चेरीत १९८० च्या दशकात बंदराच्या लाटरोधक भिंती झाल्या. उत्तरेकडे सरकणारी वाळू अडून दक्षिणेला साचली, उत्तरेचा किनारा गेला. तिथली साचलेली वाळू उत्तरेला नेऊन टाकणं हाच खरा उपाय. किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकाडांवरची मर्यादवेलसुद्धा उपटू नये, उडती वाळू तीच धरते.

आपल्याकडे? बांधकामाची वाळू धरणाच्या शेपटीकडून, म्हणजे नदी जलाशयात शिरते तिथून काढा. धरणाची साठवणही थोडी मोकळी होईल. वाहत्या गिरणेचं पात्र सोडा. तिथली वाळू मुरमापर्यंत उपसली की पुराचं पाणी मुरत नाही, काठच्या विहिरी उन्हाळ्याआधीच तळ गाठतात. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत ३ मीटर किंवा पाण्याची पातळी, जे कमी तेवढीच खोली आहे, आणि काठापासून पात्राच्या रुंदीचा पाव भाग, किमान साडेसात मीटर, सोडायचा आहे. ग्रामसभेत टेप घेऊन जा, लिलाव झालेला वाळूघाट मोजा आणि आकडे पंचनाम्यात लिहून घ्या.