फोटो दिसत नाही म्हणजे मेल हॅक झाला असं नाही हो

इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुपांवर फिरतंय की मेलमधले फोटो दिसेनासे झाले म्हणजे अकाउंट हॅक, लगेच हे ॲप टाका. अहो, ते ॲप आधी काढा! बऱ्याच मेलांत फोटो मुळात आत नसतोच, मेल उघडला की पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवरून येतो आणि त्यात कधीकधी एका पिक्सेलचं न दिसणारं चित्र लपवलेलं असतं, त्यावरून मेल कधी उघडला ते त्यांना कळतं, म्हणून आउटलुक (मायक्रोसॉफ्टचं मेल ॲप) असे फोटो आपणहून अडवतं. राजवाड्याजवळच्या साडीवाल्याच्या ऑफरच्या जागी नुसता रिकामा चौकोन दिसतोय ना, पाठवणारा ओळखीचा असेल तर वरच्या पट्टीवर क्लिक करा, येतील फोटो. जीमेल २०१३ पासून फोटो गूगलच्या सर्व्हरमार्फत दाखवतं, तरी दिसत नसतील तर सेटिंग्जमध्ये इमेजेसखाली ‘विचारून दाखवा’ निवडलेलं आहे का बघा.