‘पाच मिनिटांत एलडॅप लॉगिन’ या संदेशाविषयी

भोसरीच्या एका कारखान्यात नुकताच सिस्टिम ॲडमिन म्हणून लागलेल्या माझ्या भाच्याने परवा रात्री मला एक संदेश पाठवला आणि खाली लिहिले, “मावशी, असंच सेटिंग केलंय, बरोबर आहे ना?” हाच संदेश पुण्यातल्या ॲडमिन मंडळींच्या गटांतून माझ्याकडे दोनतीनदा येऊन गेला होता आणि मी त्याकडे काणाडोळा केला होता. आता घरातच लागण झाल्यावर गप्प बसणे शक्य नाही. एलडॅप म्हणजे संस्थेच्या वापरकर्ता-सूचीला (डिरेक्टरीला) विचारून लॉगिन तपासण्याची पद्धत. संदेश सांगतो की, ती जोडायला कन्सोलमध्ये (ॲडमिनच्या नियंत्रण पॅनेलमध्ये) ३८९ पोर्ट (एलडॅपचे नेहमीचे दार) टाका, लॅन (संस्थेचे अंतर्गत नेटवर्क) आपलेच असल्याने एन्क्रिप्शन नको. बाइंडसाठी (कन्सोलने डिरेक्टरीपुढे आपली ओळख पटवण्यासाठी) डोमेन ॲडमिनचे, म्हणजे सर्वाधिकार असलेले, खाते द्या. बेस डीएन (शोध जिथून सुरू होतो तो डिरेक्टरीतला पत्ता) थेट डोमेनच्या मुळाशी ठेवा. सर्टिफिकेटची (सर्व्हरच्या डिजिटल ओळखपत्राची) एरर आली तर पडताळणी बंद करा. आणि ‘टेस्ट कनेक्शन’ हिरवे झाले की लोकल ॲडमिन खाते (कन्सोलमध्येच ठेवलेले, डिरेक्टरीवर न विसंबणारे) काढून टाका.

यातले पहिले दोन सल्ले एकत्र पाळणे म्हणजे घराच्या किल्ल्या जिन्यात टांगून ठेवणे आहे. भाच्याला पटावे म्हणून मी त्याला एका चाचणी खात्याने लॉगिन करायला आणि त्याच वेळी सर्व्हरवर वायरशार्क (नेटवर्कवरची पॅकेट दाखवणारे साधन) चालू ठेवायला सांगितले. बाइंड विनंतीच्या पॅकेटमध्ये खात्याचा डीएन (डिरेक्टरीतले पूर्ण नाव) आणि त्याला लागूनच पासवर्ड, अक्षर न् अक्षर, वाचता येत होता. हे केवळ बाइंड खात्यापुरते नाही. कन्सोलमध्ये लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाचा पासवर्ड याच वाटेने जातो. लॅन ‘आपले’ असते ते स्वागतकक्षातल्या एखाद्या पीसीला व्हायरस लागेपर्यंतच. एलडॅपच्या प्रमाणीकरणाचे मानक असलेल्या २००६ च्या आरएफसी ४५१३ मध्ये स्वच्छ म्हटले आहे की, जिथे गोपनीयतेचे संरक्षण नाही तिथे नाव-पासवर्डाची ही पद्धत योग्य नाही. आणि डोमेन ॲडमिन कशासाठी? ॲक्टिव्ह डिरेक्टरीत (मायक्रोसॉफ्टच्या डिरेक्टरीत) वापरकर्ता शोधायला साधे डोमेन खाते सहसा पुरते. शिवाय कन्सोलला तो पासवर्ड दर वेळी सर्व्हरपुढे ठेवायचा असल्याने तो परत मूळ रूपात आणता येईल असाच साठवावा लागतो, हे ज्याला ठाऊक आहे तो तिथे सर्वाधिकार असलेले खाते टाकणार नाही.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करते. ३८९ हा आकडा स्वतः दोषी नाही. त्यावर स्टार्ट-टीएलएस (त्याच जोडणीवर एन्क्रिप्शन सुरू करणारी सोय) सक्तीचे केले तर तो ६३६ (एन्क्रिप्शनसह एलडॅपचा पोर्ट) इतकाच चालतो. सर्टिफिकेटची कटकटही खरी आहे, पण भाच्याच्या बाबतीत तिचे कारण क्षुल्लक निघाले: सर्टिफिकेटवर सर्व्हरचे नाव होते आणि कन्सोलमध्ये त्याने आयपी पत्ता टाकला होता. नाव टाकून संस्थेचे रूट (विश्वासाचे मूळ असलेले) सर्टिफिकेट कन्सोलमध्ये आयात केले की एरर जाते. पडताळणी बंद केल्यास एन्क्रिप्शन राहते, पण ते कुणाशी चालले आहे हे कळायचा मार्ग उरत नाही.

बेस डीएनबद्दल फार लिहीत नाही. मुळापासून शोध घेतला की रेफरल (दुसऱ्या सर्व्हरकडे पाठवणारी उत्तरे) येऊन लॉगिन रेंगाळू शकते आणि सर्व्हिस खातीसुद्धा (माणसांऐवजी प्रोग्रामसाठीची) आत येण्यास पात्र ठरतात, म्हणून ओयू (डिरेक्टरीतला विभाग) आणि ग्रुपची चाळणी लावावी.

हिरव्या खुणेचे कौतुक तर अजबच आहे, कारण बहुतेक वेळा ती एवढेच सांगते की बाइंड खाते जोडले गेले. वरच्याच मानकात नोंद आहे की, नाव देऊन पासवर्ड रिकामा ठेवला तर तो अनामिक बाइंड ठरतो आणि सर्व्हर त्याला ‘यशस्वी’ असे उत्तर देऊ शकतो. ॲक्टिव्ह डिरेक्टरी मूळ मांडणीत तसे देतेच. कन्सोलने रिकामा पासवर्ड स्वतःहून अडवला नाही, तर कुणाच्याही नावाने कुणीही आत शिरेल. तेव्हा खरी टेस्ट म्हणजे योग्य पासवर्ड, चुकीचा पासवर्ड आणि रिकामा पासवर्ड, तिन्ही देऊन पाहणे.

लोकल ॲडमिन खाते भाच्याने तोवर काढूनही टाकले होते. डिरेक्टरी सर्व्हर बंद पडला असता किंवा सर्टिफिकेटची मुदत संपली असती, तर दुरुस्तीसाठी कन्सोलमध्ये शिरायला कुणीच उरले नसते. त्याचे सत्र अजून उघडे होते हे नशीब. फोनवरच आधी ते खाते पुन्हा तयार करायला लावले आणि मग डोमेन ॲडमिनचा पासवर्ड बदलायला.