‘सात वर्षांपर्यंत समजावू नका’ म्हणे!

काल रात्री ताईने एक फॉरवर्ड पाठवला. ‘सात वर्षांखालच्या मुलाला दुसऱ्याचं मन कळतच नाही. समजावण्यात वेळ घालवू नका, शिक्षा करा.’ शिवाय, लहानपणी खोटं बोलणारं मूल पुढे बिघडतं आणि एकुलतं एक मूल स्वार्थीच निघतं. खाली ताईचा प्रश्न : ‘मी उगाच समजावत बसते का गं?’ भाचा साडेतीन वर्षांचा आहे. वाचून डोकंच फिरलं.

सात हा आकडा बहुधा मानसशास्त्रज्ञ पियाजेच्या जुन्या प्रयोगांवरून उचललेला. डोंगरांच्या प्रतिकृतीसमोर बसवलेल्या मुलाला, पलीकडच्या बाहुलीला काय दिसत असेल ते सांगता येत नसे. तेवढं खरं. पण ती चाचणीच अवघड होती.

1983 मध्ये विमर आणि पर्नर या मानसशास्त्रज्ञांनी सोपी गोष्ट सांगून पाहिलं. मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो, आई ते दुसरीकडे हलवते. परतल्यावर तो कुठे शोधेल? अशा प्रश्नांचे 178 अभ्यास वेलमन आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये एकत्र तपासले. तीन वर्षांची बहुतेक मुलं ‘नव्या जागी’ म्हणून चुकतात, त्याला ती माहीत नाही हे त्यांना कळत नाही; पाचाच्या आसपास बहुतेकांना जमतं. सात नव्हे! आणि ‘तिला माझ्यापेक्षा वेगळं काही आवडतं’ एवढं तर त्याच्याही बरंच आधी, दीड वर्षाच्या सुमारास कळू लागतं.

पण माझा खरा राग ‘समजावू नका’ यावर आहे. ही समज बोलण्यातून वाढते. ऐकू येणाऱ्या आईवडिलांची कर्णबधिर मुलं, ज्यांना घरात लहानपणापासून खुणांची भाषा मिळत नाही, ती या चाचणीत वर्षानुवर्षं मागे राहतात. ज्यांचे आईवडील जन्मापासून त्यांच्याशी खुणांनी बोलतात, ती कर्णबधिर मुलं मागे पडत नाहीत. कमी पडतो तो संवाद. आणि हा मेसेज नेमका तोच बंद करायला सांगतो.

खोटं बोलायला, मला माहीत आहे ते आईला माहीत नाही, हे आधी कळावं लागतं. म्हणजे त्याची वाढ होते आहे, बिघाड नाही. भावंडं असलेल्यांना ही समज थोडी लवकर येते असं काही अभ्यासांत दिसलं आहे, मान्य. त्यावरून एकुलत्या मुलाला स्वार्थी ठरवायचं?

ताई, परवा तू डोकं धरून बसली होतीस, तेव्हा त्याने आपला कान तुटलेला ससा आणून तुझ्या मांडीवर ठेवला. त्याला ज्याने बरं वाटतं, तेच तुला दिलं. तू म्हणालीस, ‘ससा तुला आवडतो रे, मला आत्ता अंधार हवाय.’ तो क्षणभर तुझ्याकडे बघत राहिला, मग स्टूल ओढत नेलं आणि दिवा बंद केला. तुझं समजावणं वाया जातंय, असं तुला कशावरून वाटलं?