चुंबळ आणि कृष्णविवर

रात्रीचे साडेनऊ वाजले होते, पांढऱ्या रश्श्याची दुसरी वाटी नुकतीच पुढ्यात आली होती, आणि तेवढ्यात नववीतल्या कन्येने जाहीर केले, ‘‘बाबा, उद्या मॉडेल न्यायचंय, मी सांगायलाच विसरलो की!’’ (कोल्हापुरात मुलीही ‘विसरलो’च म्हणतात, विसराळूपणाला आम्ही लिंगभेद लावत नाही.) विषय होता ‘सक्रिय दीर्घिका-केंद्रक : रचना आणि वर्गीकरण’, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या समूहाचा, दीर्घिकेचा, लखलखता गाभा. ज्या गावात १९३८ साली जयंत नारळीकर जन्मले, तिथल्या विज्ञानशिक्षिकांनी ज्वालामुखी आणि पवनचक्कीवर समाधान मानावे, ही अपेक्षाच चूक.

रचना तशी सोपी निघाली. दीर्घिकेच्या मध्यभागी दहा लाखांपासून काही अब्ज सूर्यांइतक्या वस्तुमानाचे कृष्णविवर असते. त्याच्या ओढीने येणारा वायू सरळ आत न पडता भोवती फिरत राहतो, त्याची तबकडी होते आणि ती एवढी तापते की, सूर्याच्या पोटात हायड्रोजनचा हेलियम होताना जिथे वस्तुमानाच्या एक टक्क्याचीही ऊर्जा होत नाही, तिथे हे प्रकरण दहा टक्क्यांच्या आसपास मजल मारते. तबकडीसाठी जुनी सीडी मिळाली. तिच्या छिद्रात काळा मणी बसवला, काही कृष्णविवरांजवळून सुटणारा झोत म्हणून त्याला खेटून वर तोंड केलेली किल्ल्यांच्या जुडग्यातली छोटी बॅटरी उभी केली आणि सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने फिरणारे ढग म्हणून भोवती कापूस चिकटवला. अडले ते या सगळ्याला वेढणाऱ्या धुळीच्या जाडजूड कड्यापाशी. शेवटी माळ्यावरून आईची चुंबळ काढली. ‘‘घागरी गेल्या, आता चुंबळ पण न्या,’’ एवढेच ती म्हणाली.

खरा छळ वर्गीकरणाने केला. १९४३ साली कार्ल सायफर्ट यांनी तेजस्वी गाभ्याच्या काही सर्पिल दीर्घिका वेगळ्या काढल्या, म्हणून त्या सायफर्ट; त्यांतही पहिला आणि दुसरा प्रकार. १९६३ साली मार्टेन श्मिट यांनी थ्री सी २७३ या ताऱ्यासारख्या ठिपक्याच्या वर्णपटातल्या रेषा सुमारे सोळा टक्के तांबड्याकडे सरकलेल्या ओळखल्या (सरकणे जितके जास्त, तितके अंतर जास्त), तेव्हा तो तारा नसून अब्जावधी प्रकाशवर्षे दूरचा क्वेसार, म्हणजे असाच एक लखलखता गाभा ठरला. बीएल लॅसर्टी तर १९२९ पासून चंचल तारा म्हणून यादीत होता, आणि पुढे त्याचा गोतावळा ब्लेझारांत मोडू लागला. याशिवाय रेडिओ दीर्घिका आहेतच. ज्याला ज्या दुर्बिणीतून जे दिसले, त्याने त्याचे बारसे केले. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, आणि बोकड एकच.

तो एकच कसा, हे मात्र दिवे मालवल्यावर कळले. मॉडेल टेबलावर होते. मी उभा राहून तिरकस पाहत होतो, मला तबकडी, मणी आणि कापूस सगळे स्वच्छ दिसत होते, म्हणजे माझ्यापुरता तो पहिला प्रकार. आई खाली पाटावर बसलेली; तिला चुंबळीची कडा तेवढी दिसे. ‘‘ह्यात हाय काय बघण्यासारखं?’’ हा तिचा निष्कर्ष दुसऱ्या प्रकाराबाबत अगदी शास्त्रशुद्ध होता, कारण तिथे आतले वेगवान ढग धुळीआड जातात आणि बाहेरचे संथ ढगच काय ते दिसतात. सौभाग्यवती वाटी उचलायला नेमक्या वरून वाकल्या आणि बॅटरीचा झोत थेट डोळ्यांत गेला. ‘‘डोळे फोडता काय माझे?’’ हा ब्लेझार.

आईची समजूत काढायला कन्येने मॉडेलच्या वर स्टीलचे ताट तिरके धरले, आणि त्यात आईला काळा मणी दिसला. हसण्यावारी नेऊ नये, १९८५ साली अँटोनुची आणि मिलर यांनी जवळपास हेच केले होते : एनजीसी १०६८ या दुसऱ्या प्रकारच्या दीर्घिकेतून विखुरून आलेला ध्रुवित (एकाच दिशेत कंप पावणारा) प्रकाश त्यांनी तपासला आणि त्यात आतल्या वेगवान ढगांच्या रुंद रेषा सापडल्या. अर्थात सगळेच भांडण बसण्याच्या जागेवरून मिटत नाही. रेडिओ लहरींत गाजणारे जोरकस झोत थोड्याच केंद्रकांना असतात, आणि इतरांना ते का नसतात, याचे उत्तर आमच्या स्वयंपाकघरात नव्हते.

दुसऱ्या दिवशी मॉडेल उंच बाकावर ठेवले गेले आणि बाईंनी ते खुर्चीत बसून तपासले. तीन गुण कापले होते. शेरा होता, ‘केंद्रक दाखवलेले नाही.’ कन्येने काही न बोलता मांडणीवरचे ताट काढले आणि दप्तरात घातले.