सदाशिव पेठेतल्या काकांना उत्तर: वाड्यातला कुत्रा कशामुळे शहाणा होता?

काका, नमस्कार. तुम्ही नाव लिहिलेलं नाही, "सदाशिव पेठेतला जुना कुत्रेवाला, वय ७१" एवढीच सही आहे, म्हणून काका म्हणते. पिल्लाच्या पहिल्या दोन महिन्यांवर मी जे लिहिलं होतं, त्याखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. चार ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावं असं वाटेना, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. काकांचं म्हणणं, खाऊ देऊन शिकवणं म्हणजे लाच. त्यांच्या वाड्यात कुत्रा दारात साखळीला असायचा, चुकला की दोन रट्टे खायचा, आणि जन्मात कुणाला चावला नाही. घरात मालक कोण हे कुत्र्याला पहिल्या दिवशी कळलं पाहिजे. हल्ली लोकांनी कुत्री डोक्यावर बसवलीत, म्हणून त्यांच्या सोसायटीतला एक लॅब्रॅडोर लिफ्टमध्ये काकूंच्या अंगावर उडी मारतो, आणि काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे. पुढच्या महिन्यात नातीसाठी पिल्लू येतंय, ते रात्री रडलं तर रडू द्यायचं, आपोआप गप्प होतं, असंही शेवटी लिहिलंय.

लिफ्टपासून सुरुवात करते, कारण तिथे तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांप्रमाणे सोसायटीला पाळीव कुत्र्यांना लिफ्टबंदी करता येत नाही, हे आम्हा कुत्रेवाल्यांना तोंडपाठ असतं. पण आत कुणी उभं असेल तर "येऊ का?" विचारावं आणि समोरचा कचरला तर पुढच्या लिफ्टने जावं, ही साधी रीत आहे, आणि ती आमच्यातले बरेच जण पाळत नाहीत. काकूंना त्याचा त्रास झाला, त्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. तो लॅब्रॅडोर वाईट नाही. दोन महिन्यांचा असताना तो पायांवर चढला की घरचे हसून त्याला उचलून घ्यायचे. उडी मारली की लाड होतात, हे त्याला घरच्यांनीच शिकवलं. आता तो तीस किलोचा झालाय, धडा मात्र तोच आहे. त्याच्या मालकांना माझा निरोप द्या: लिफ्टमध्ये कुत्रा कोपऱ्यात, आपण त्याच्या आणि माणसांच्या मध्ये, पट्टा आखूड आणि त्यावर आपला पाय. आणि घरात चारही पाय जमिनीवर असतील तेव्हाच हात फिरवायचा. उडी मारली की पाठ फिरवायची, तीही घरातल्या प्रत्येकाने. एक जण जरी "असू दे गं" म्हणून लाड करत राहिला तर सगळं मुसळ केरात.

आता वाडा. माझंही लहानपण शनिवार पेठेतल्या वाड्यात गेलं. आमच्याकडे काळू होता. त्यालाही रट्टे बसायचे, आणि तोही कुणाला चावला नाही. तेव्हा मीही हेच समजत होते की माराने तो शहाणा झाला. आज वाटतं, त्याला वाड्याने शिकवलं. तो जिन्याखाली पोत्यावर जन्मला. तिसऱ्या आठवड्यात लडखडत चालायला लागला, तेव्हापासून अख्खा वाडा त्याच्या पुढ्यातून जा-ये करत होता. किटली आपटत येणारा दूधवाला, नळावर बादल्यांचा खणखणाट, काठी टेकत जाणारे आजोबा, भोंडल्याच्या मुली, लग्नाचा बँड, सायकली, रांगणारी पोरं. शेजारी आई आणि तीन भावंडं. एखाद्या भावंडाला जोरात चावलं की ते केकाटून खेळ सोडून जायचं. दात किती जोरात लावायचे, हे तो त्यातून शिकला.

स्कॉट आणि फुलर या अमेरिकी शास्त्रज्ञांनी पिल्लांच्या वाढीचा वर्षानुवर्षं अभ्यास करून १९६५ मध्ये जे मांडलं, ते हेच आहे. साधारण ३ ते १२ आठवडे या वयात पिल्लू जे बघेल, ऐकेल, हुंगेल, ते त्याच्या जगातलं नेहमीचं होतं. त्यानंतर नवीन दिसलेल्या गोष्टीकडे ते आधी संशयाने बघतं. काळूचे हे आठवडे वाड्याच्या चौकात गेले. आजचं पिल्लू दीड महिन्याचं असताना आईपासून तुटतं आणि लसी पूर्ण होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ चार महिन्यांचं होईपर्यंत, तिसऱ्या मजल्यावरच्या दिवाणखान्यात राहतं. मग एक दिवस त्याला पट्टा लावून कर्वे रस्त्यावर नेतात आणि ते बसला बघून थरथरलं की म्हणतात, "भित्रं निघालं."

पार्व्होची, म्हणजे पिल्लांच्या जिवावर उठणाऱ्या त्या साथीच्या रोगाची, भीती खरी आहे, म्हणून जिथे दहा कुत्री फिरतात तिथे त्याला जमिनीवर सोडायचं नाही. पण कडेवर घेऊन, नाहीतर भाजीच्या पिशवीत बसवून, रोज पंधरा मिनिटं बाहेर न्यायला काय हरकत आहे? हेल्मेट घातलेला माणूस, छत्री, रिक्षा, शाळेची सुट्टी हे सगळं त्याला दिसू दे. गणपतीच्या आधी नदीपात्रात ढोल पथकांचा सराव चालतो, तो लांबून ऐकू दे. पिल्लू कान टवकारून खाऊ घेतंय तोवर अंतर बरोबर आहे. खाऊ नाकारला की आपण फार जवळ आलो, चार पावलं मागे सरकायचं.

साखळीबद्दल एवढंच. काळूची साखळी दुपारी सुटायची आणि संध्याकाळी पुन्हा लागायची, मधे तो पेठभर हिंडून यायचा. दिवसभर बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवलं नाही तर ती क्रूरता धरली जाते, हे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातच लिहिलेलं आहे. ही काही हल्लीच्या लोकांची थेरं नव्हेत.

रट्ट्यांबद्दल मला जे सांगायचंय ते सांगायला जड जातं.

लग्नानंतर कोथरूडला आल्यावर आम्ही मोत्याला आणलं. खाताना कुणी ताटलीजवळ गेलं की तो गुरगुरायचा. एका प्रशिक्षकाने सांगितलं, गुरगुरला की तिथल्या तिथे नाकावर फटका द्या, ताटली काढून घ्या, मालक कोण ते कळू दे. मी तसं केलं. तीन आठवड्यांत गुरगुरणं बंद झालं. मी खूश होते, मैत्रिणींना अभिमानाने सांगत होते. २०११ च्या दिवाळीत माझा पाच वर्षांचा भाचा आला होता. भाऊबीजेच्या दुपारी मोत्या स्वयंपाकघराच्या दारात जेवत होता आणि भाच्याची गाडी घरंगळत ताटलीपाशी गेली. तो वाकला. मी ओट्यापाशी होते, दोन हातांवर. मोत्याच्या तोंडून आवाज आला नाही. त्याचं खाणं थांबलं, मान ताटलीवर तशीच राहिली, पाठ लाकडासारखी झाली आणि डोळ्याचा पांढरा भाग कडेने दिसला. हे सगळं मी पाहिलं, पण त्याचा अर्थ मला लागला नाही, कारण मी आवाजाची वाट बघत होते. दुसऱ्या क्षणी भाच्याच्या तळव्यातून रक्त येत होतं. नळाखाली साबणाने १५ मिनिटं हात धुतला, दवाखान्यात नेलं, इंजेक्शनं सुरू झाली. ते पोर पुढची कितीतरी वर्षं कुत्रा दिसला की रस्ता ओलांडायचं.

काका, गुरगुरणं म्हणजे कुत्र्याची भाषा. "मला भीती वाटतेय, लांब हो" एवढंच ते म्हणत असतं. मी फटके देऊन त्याची भीती घालवली नव्हती, त्याचा आवाज काढून घेतला होता. उलट माणसाचा हात ताटलीकडे आला की मार बसतो आणि जेवण जातं, हे मीच त्याला पक्कं शिकवलं होतं. चूक मोत्याची नव्हती. भाच्याची तर नव्हतीच.

त्यानंतरच्या आमच्या भुरीशी मी उलटं वागले. ती जेवत असताना चार हात लांबून जायचं आणि जाता जाता उकडलेल्या चिकनचा तुकडा ताटलीत टाकायचा. थांबायचं नाही, बघायचं नाही. दोन-तीन आठवड्यांत माझी पावलं ऐकून तिची शेपूट हलायला लागली. मग अर्ध्या हाताने जवळ. आज ती जेवताना मी ताटली उचलली तर ती बसून माझ्या तोंडाकडे बघते. तरी लहान मूल घरात असेल तर ती वेगळ्या खोलीत, दार लावून जेवते. त्यात मी कधीच सूट देत नाही.

"मालक कोण ते दाखवा" हा सल्ला आला कुठून, तेही सांगते. रुडॉल्फ शेंकेल या प्राणी-अभ्यासकांनी १९४७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर लिहिलं. एकमेकांशी नातं नसलेले प्राणी एका आवारात कोंडलेले होते आणि ते सतत भांडत होते. लांडग्यांचे अमेरिकी अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकातून कळपाच्या 'अल्फा'ची, म्हणजे दांडगाईने राज्य करणाऱ्या म्होरक्याची, कल्पना जगभर गेली आणि लोकांनी ती कुत्र्यांनाही लावली. पुढे मेक यांनीच कॅनडातल्या एल्समीर बेटावर १३ उन्हाळे मोकळ्या लांडग्यांजवळ काढले आणि १९९९ मध्ये लिहिलं की कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पोरं, तिथे 'अल्फा' हा शब्द लागू पडत नाही. स्वतःचं जुनं पुस्तक छापणं थांबवा, म्हणून ते प्रकाशकाच्या मागे लागले होते. मोत्याला फटके दिले तेव्हा या गोष्टीला बारा वर्षं होत आली होती. ती आमच्या त्या प्रशिक्षकापर्यंत पोचली नव्हती, आणि मीही चौकशी केली नव्हती.

तुम्ही असंही लिहिलंय की घरात शू केली की नाक घासायचं, त्याला अपराध कळतो, चेहऱ्यावर दिसतो. कुत्र्यांच्या वागण्याच्या अभ्यासक अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी २००९ मध्ये १४ कुत्र्यांवर हे तपासून पाहिलं. मालक रागावला की तो पडलेला चेहरा दिसायचा, कुत्र्याने खाऊ चोरलेला असो वा नसो. म्हणजे तो चेहरा आपल्या रागाला दिलेलं उत्तर असतो. पिल्लाला कृती आणि परिणाम यांची सांगड एक-दोन सेकंदांतच घालता येते. दहा मिनिटांपूर्वीच्या डबक्यावर नाक घासलं तर त्याला एवढंच कळतं की शू आणि माणूस एका जागी असले की मार बसतो. मग ते दिवाणामागे जाऊन करतं. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळ संपल्यावर लगेच बाहेर न्या, आणि तिथे केली की तिथेच, त्याच क्षणी कौतुक करा. दोन महिन्यांचं पोर दिवसा दोन-तीन तासांपेक्षा जास्त धरू शकत नाही.

आणि लाच. हा शब्द मला सगळ्यात लागला, म्हणून नीट दाखवते. हरभऱ्याच्या डाळीएवढा पनीरचा तुकडा चिमटीत धरा. पिल्लाच्या नाकापाशी आणून हळूच डोक्यामागे न्या. नाक वर जातं, ढुंगण आपोआप खाली टेकतं. टेकलं त्या क्षणी "छान!" आणि तुकडा तोंडात. असं पाच-सहा वेळा. सातव्यांदा हात रिकामा, हालचाल तीच. बसलं की "छान!" आणि तुकडा खिशातून. पुढे कधी तुकडा, कधी चेंडू, कधी नुसतं कानामागे खाजवणं. लाच काम होण्याआधी दाखवतात, हे झाल्यावर देतात. ही मजुरी आहे. विमानतळावर बॅगा हुंगणारी कुत्रीसुद्धा चेंडू खेळायला मिळावा म्हणूनच राबतात. खाऊ हातात दिसल्याशिवाय ऐकत नाहीत अशी कुत्री तुम्ही पाहिली असणार, तुमचा राग तिथूनच आलाय. तिथे मालक सातव्या वेळेपर्यंत पोचलेलेच नसतात. मागच्या लेखात ही पायरी माझ्याकडून लिहायची राहून गेली, ही माझी चूक.

कुत्र्याला इंग्रजीतून हुकूम कशाला, हा तुमचा टोमणाही मान्य. कुत्र्याला भाषेचं काही नसतं, घरातल्या सगळ्यांचा शब्द एकच हवा. फक्त "बस" वापरू नका. आपण दिवसातून वीसदा "आता बस झालं" म्हणतो, ते बिचारं गोंधळतं. आम्ही "बैस" म्हणतो.

आता नातीचं पिल्लू. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या नियमांनुसार मनाई आहे. "४५ दिवसांचं देतो" म्हणाले तर आईपाशीच ठेवायला सांगा आणि दोन आठवड्यांनी घेऊन या. पहिल्या रात्री ते रडणार. आयुष्यात पहिल्यांदाच ते भावंडांच्या उबेशिवाय झोपतंय. रडून गप्प होतं हे खरं, पण दमून होतं. नाहीतरी दोन-अडीचला त्याला शूसाठी उठवावंच लागेल, तेव्हा न बोलता, न खेळवता न्यायचं आणि परत आणायचं. त्याचं झोपायचं खोकं बाल्कनीत ठेवू नका, नातीच्या पलंगाला लागून जमिनीवर ठेवा. आत काकूंची एखादी जुनी मऊ साडी घाला. आणि नातीला सांगा, कुशीवर झोप आणि एक हात खाली खोक्यात सोडून ठेव.